सुपरहिरोचा खोकला

वाचकहो, मधुमेह, गुडघेदुखी आणि रक्तदाब यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या वैद्याने एकदम आकाशात उडणाऱ्या माणसांच्या चित्रपटांवर लिहावे, याचे आपणांस कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु माझ्या बैठकीच्या खोलीतील एका कपाटात सुमारे चारशे चित्रपट डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या रूपात मांडून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील बराच मोठा भाग अशा सुपरहिरोंचाच आहे. ज्यांच्या घरी एखादे वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळलेले आहे किंवा स्मृतिभ्रंशाने हरवत चालले आहे, अशा कुटुंबांना या कपाटातील दोन चित्रपटांविषयी काही सांगावे, असे बरेच दिवस मनात होते.

हा छंद माझ्या पिढीतील अनेकांना जसा लागला तसाच मलाही लागला. ऐंशीच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी व्हीसीआर आणि रंगीत दूरदर्शन संच एका रात्रीसाठी भाड्याने मिळत. वर्गणी काढून ते आणायचे आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन चित्रपट पाहायचे, हा सुटीतला मोठा सोहळा असे. पुढे स्वतःच्या कॅसेट आल्या. कोकणातील दमट हवेने त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी चढवली आणि त्या निकामी झाल्या. मग व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या, ब्लू-रे आल्या. साधने बदलली, तरी काही चित्रपट मी प्रत्येक वेळी नव्याने विकत घेतले. ‘सुपरमॅन’ हा त्यांपैकी एक.

रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७८ सालचा. तरुणपणी आपण त्यातील उड्डाणे पाहतो; वैद्य झाल्यावर माझी नजर एका छोट्या प्रसंगावर खिळली. परग्रहावरून आलेल्या या मुलाला एका शेतकरी जोडप्याने वाढवलेले आहे. एके दिवशी त्याच्याशी बोलून घराकडे निघालेल्या पालक पित्याच्या हातात कळ येते आणि तो जागच्या जागी कोसळतो. आगगाडीला मागे टाकणारा तो मुलगा धावत येतो, पण वडील गेलेले असतात. दफनाच्या वेळी तो आईला जे सांगतो त्याचा आशय असा, की एवढ्या साऱ्या शक्ती अंगी असूनही मला त्यांना वाचवता आले नाही.

आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य आपापल्या शब्दांत माझ्यासमोर उच्चारले असेल! “डॉक्टर, दोन दिवस आधी आणले असते तर?” “मोठ्या शहरात नेले असते तर?” हे प्रश्न विचारणारे लोक निष्काळजी नसतात, बहुधा ज्यांनी सर्वांत जास्त केलेले असते, तेच ते विचारतात. याच चित्रपटाच्या अखेरीस नायक पृथ्वीभोवती उलट्या दिशेने घिरट्या घालून काळ मागे नेतो आणि प्रेयसीला परत मिळवतो. वडिलांसाठी मात्र त्याला ते साधलेले नसते. तेव्हा मागे फिरण्याचा ध्यास सोडा, असे मी अशा कुटुंबांना सांगतो. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक धाप यांपैकी काहीही जाणवले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या हाती असते ते एवढे. त्यापलीकडचे सारे आपल्या माथी घेऊ नये.

या चित्रपटाची दुसरी कहाणी पडद्याबाहेरची आहे आणि ती अधिक हेलावणारी आहे. सुपरमॅनची भूमिका करणारे ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी घोडेस्वारीच्या स्पर्धेत घोड्यावरून पडले आणि मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांना इजा झाली. मानेखालचे शरीर लुळे पडले, श्वासासाठी यंत्राची गरज निर्माण झाली. त्यानंतर ते नऊ वर्षांहून अधिक काळ जगले, आणि नुसते जगले नाहीत. त्यांनी दूरचित्रवाणीसाठी चित्रपट दिग्दर्शित केला, आत्मकथन लिहिले, मज्जारज्जूच्या संशोधनासाठी अविरत झटले. या सर्व काळात पत्नी डेना त्यांच्यासोबत होत्या. आज त्या कार्यासाठी उभी असलेली संस्था दोघांच्याही नावाने ओळखली जाते, हे मला फार योग्य वाटते.

रीव्ह गेले ते १० ऑक्टोबर २००४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्या सुमारास त्यांच्यावर शय्याव्रणातील जंतुसंसर्गासाठी उपचार चालू होते आणि अखेर हृदय बंद पडले. ज्याला आपण बेडसोर म्हणतो, तीच ही व्याधी. सर्व साधने आणि कुशल परिचर्या उपलब्ध असलेल्या माणसालाही जी सोडत नाही, तिला आपण घरी किरकोळ समजू नये. अंथरुणावरील रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात पाहाव्यात. त्वचेवर बोटाने दाबूनही न फिटणारा लालसरपणा किंवा काळपटपणा दिसला, तर जखम होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणि इतके करूनही व्रण झालाच, तर घरातल्या सुनेला किंवा मुलाला बोल लावू नये.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो. २०१७ साली जेम्स मॅनगोल्ड यांचा ‘लोगन’ आला. त्यातील लोगन आणि प्राध्यापक चार्ल्स झेवियर ही माणसे आमच्या कपाटात २००० सालच्या ‘एक्स-मेन’पासून राहत होती. त्या पहिल्या चित्रपटात चाकांच्या खुर्चीतील चार्ल्स हा तीव्र बुद्धीचा, इतरांच्या मनातले वाचणारा गुरू आहे. लोगन हा कितीही घाव बसले तरी क्षणात बरा होणारा योद्धा. ह्यू जॅकमन आणि पॅट्रिक स्ट्युअर्ट या त्याच दोन नटांनी सतरा वर्षांनंतर त्याच भूमिका पुन्हा केल्या. दोन्ही चित्रपट घरात शेजारी शेजारी असणे, हे संग्राहकाचे भाग्य. एका रविवारी पहिला आणि पुढच्या रविवारी दुसरा लावला की, एखाद्या घरात वार्धक्य कसे शिरते ते डोळ्यांसमोर उभे राहते.

‘लोगन’मधील चार्ल्स नव्वदीत पोहोचला आहे आणि त्याला मेंदूचा झिजत जाणारा विकार जडला आहे. ज्या मेंदूने जग हलवले, त्यालाच झटके येतात आणि आसपासच्या माणसांची शरीरे जागच्या जागी थिजतात. लोगन त्याला मेक्सिकोच्या हद्दीत, एका ओसाड कारखान्याच्या आवारातील आडव्या पडलेल्या मोठ्या टाकीत लपवून सांभाळतो. दिवसभर भाड्याची मोटार चालवतो, मिळेल तिथून औषधे पैदा करतो, गोळ्या गिळायला लावतो. म्हातारा संतापतो, अपशब्द वापरतो, ओळख विसरतो, मध्येच लख्ख भानावर येऊन मर्मावर बोट ठेवतो. लोगनही वैतागून तुटक बोलतो. पण वाटेतल्या एका स्वच्छतागृहात चार्ल्सला उचलून बसवतोही तोच. सुपरहिरोच्या चित्रपटात मी पाहिलेले सर्वांत मोठे बळ या प्रसंगात आहे. विमान तोलून धरणाऱ्या हातांपेक्षा म्हाताऱ्या माणसाला शौचाला बसवणारे हात अधिक थकतात, हे काळजीवाहकांना वेगळे सांगायला नको.

मात्र माझ्या दृष्टीने या चित्रपटाचे मर्म याहून निराळे आहे. लोगन स्वतः आजारी आहे. हाडांवर मढवलेला धातू त्याला आतून विष घालतो आहे. तो लंगडतो, त्याच्या जखमा पूर्वीसारख्या भरत नाहीत, वाचण्यासाठी चष्मा लागतो, दारूची बाटली जवळ असते. आणि तो सारखा खोकतो. त्या खोकल्याकडे तो स्वतः लक्ष देत नाही. सगळे लक्ष वृद्धाच्या गोळ्यांवर!

अशीच एक गोष्ट माझ्या दवाखान्यातली. एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी आईची औषधे लिहून घ्यायला येत. आईला स्मृतिभ्रंश, रात्रभर तिची ये-जा चाले, आणि तिच्यामागे यांची. वय पन्नाशीचे, बोलणे नेमके आणि सदैव आईविषयीचे. एकदा औषधे लिहून झाल्यावर मी त्यांना म्हटले, “आता तुमचा हात पुढे करा.” ते हसले आणि म्हणाले, “मला काय झालंय?” रक्तदाब १९० वर ११० निघाला. डोके दुखते, असे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. मी गोळ्या लिहून दिल्या, तपासण्या सांगितल्या आणि आठवडाभराने ते पुन्हा आले तेव्हा ‘लोगन’ची तबकडीही दिली. ती परत करताना ते एवढेच बोलले, “डॉक्टर, तो खोकत होता, ते कुणी विचारलंच नाही हो.” पुढे त्यांच्या बहिणीने महिन्यातील दोन शनिवार-रविवार आईजवळ राहायचे कबूल केले. त्या चार रात्री ते झोपतात. रक्तदाब आता आटोक्यात आहे. आईचा आजार मात्र आपल्या गतीने पुढे चालला आहे.

येथे एक सूचना आवर्जून करतो. ‘लोगन’ हा प्रौढांसाठीचा चित्रपट आहे. त्यात रक्तपात भरपूर आहे. तो काळजीवाहकाने एकट्याने पाहावा, नातवंडांना किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दाखवू नये. रुग्णाला पडद्यावरचे आणि घरातले यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. त्यांच्यासाठी ओळखीचा, संथ, त्यांच्या तरुणपणीचा चित्रपट निवडावा. तोच चित्रपट दहाव्यांदा मागितला तर दहाव्यांदा लावावा. त्यात आनंद असेल तर बिघडत काहीच नाही.

हे सारे मोबाइलवरही पाहता येईल, मग तबकड्या कशाला, असे आपली मुले विचारतील. माझे उत्तर साधे आहे. ऑनलाइन मंचावरील चित्रपट हक्कांची मुदत संपली की निघून जातो. कपाटातला जात नाही. शिवाय एकाच चित्रपटाची निरनिराळी रूपे जवळ बाळगता येतात. ‘सुपरमॅन’ चित्रपटगृहात १४३ मिनिटांचा होता. २००१ च्या डीव्हीडीवर तो काही मिनिटांनी वाढला. ‘लोगन’ची कृष्णधवल आवृत्तीही घरगुती संचात मिळाली. आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की हातात धरता येणाऱ्या वेष्टनावरील चित्र पाहून निवड करणे, पडद्यावरील खुणांच्या गर्दीत चित्रपट शोधण्यापेक्षा पुष्कळांना सोपे जाते.

संग्रहाला थोडी शिस्त मात्र हवी. चित्रपट कंबर ते डोळे या उंचीत ठेवावेत, म्हणजे स्टुलावर चढावे लागत नाही. खोकी जाण्यायेण्याच्या वाटेवर येऊ लागली, तर संग्रह आवरायची वेळ झाली असे समजावे. म्हातारपणी पडणे फार महाग पडते. चित्रपट एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नसावा. दर अर्ध्या तासाने थांबवून उठावे, पाणी प्यावे, चार पावले चालावे. ऐकू कमी येत असेल तर आवाज वाढवण्याआधी सबटायटल्स लावून पाहाव्यात. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी लखलखत्या प्रकाशाची दृश्ये टाळावीत.

आणि हे वाचणारे आपण जर कुणाची शुश्रूषा करीत असाल, तर एक विनंती. त्यांच्या औषधांसाठी पुढच्या खेपेस दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच आपला हात पुढे करा. रक्तदाब मोजून घ्या, साखर तपासून घ्या, झोप किती लागते ते सांगा. खोकला असेल, तर तोही सांगा.