देणाऱ्याचं मन

उपवासकाळातला शुक्रवार. सकाळपासून उदास होते. शेजारच्या आजींना डबा द्यायला गेले आणि त्यांच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकत बसले. तेवढ्या वेळात स्वतःची काळजी उगाळायची राहूनच गेली. वेळ देण्याचं जे, तेच पैशाचंही: दुसऱ्यावर पैसे खर्च करणारा अधिक सुखावतो, असं मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. घेण्यापेक्षा देण्यात धन्यता, हे येशूचं वचनही तेच सांगतं. पण ते चारपैकी कुठल्याच शुभवर्तमानात नाही, गंमतच! ते पौलाच्या तोंडून नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येतं. देण्याचं हे कौतुक खरं, पण लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मी लक्ष्मीबाईंच्याच बाजूची. त्यांचे पती टिळक हातचं देऊन मोकळे, संसार ओढायचा लक्ष्मीबाईंनी! आणि नैराश्यानं खचलेल्याला ‘दान कर, बरं वाटेल’ सांगणं तर मला क्रूरच वाटतं. त्याला डॉक्टर हवा, आणि तिथवर बरोबर येणारं कुणीतरी.