जुना खेळाडू थोर की नवा ?

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य ज्याने वडिलांच्या तोंडून ऐकले नाही असा विद्यार्थी विरळा. आणि ‘आता काळ बदलला आहे’ हे उत्तर ज्याने मनातल्या मनात तरी दिले नाही, असा तर त्याहूनही विरळा. या दोन वाक्यांचे भांडण घरोघर दबल्या आवाजात चालते. ते मोकळ्या आवाजात ऐकावयाचे असेल, तर क्रिकेटचे मैदान गाठावे.

आमचे रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले एक जुने गाव. कपाशीचे रान मोकळे झाले की येथील मुले त्यात पऱ्हाटीच्या तीन काड्या रोवतात आणि सुताराने करून दिलेल्या फळीने चेंडू टोलवू लागतात. बांधावर वडील मंडळी बसलेली असतात. कोणी विराट कोहलींचे नाव घेतो, कोणी सचिन तेंडुलकरांचे, कोणी गावसकरांचे. एखादे आजोबा आपल्या वडिलांकडून ऐकलेले विजय हजाऱ्यांचे नाव काढतात, तोच एखादा मुलगा खिशातील मोबाईलवर आकडे काढून मोठ्याने वाचून दाखवितो. आजोबा गप्प बसतात व वाद संपतो. वाद संपला खरा, पण न्याय झाला असे आम्हांस वाटत नाही. म्हणून त्या वादाचा येथे थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम आकडेच पाहू. तेंडुलकरांनी १९८९ पासून २०१३ पर्यंत २०० कसोटी सामन्यांत १५,९२१ धावा केल्या. हजाऱ्यांच्या धावा २,१९२, सामने अवघे ३०. आणि हिंदुस्थानच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांच्या धावा ३५०, सामने ७. एवढ्यावरच निकाल द्यावयाचा तर नायडूंचे नाव कोणी घेऊच नये. परंतु आकडा खोटे बोलत नसला, तरी विचारल्यावाचून काही सांगतही नाही.

आमच्या गावात १५८२ साली बांधलेली जुनी मशीद आहे. तिच्या पाथरवटांची आजच्या गवंड्यांशी तुलना करावयाची झाली, तर कोणीही समंजस मनुष्य आधी विचारील की, त्यांच्या हाती हत्यारे कोणती होती ? दगड कसा वाहून आणला ? तोच प्रश्न खेळाडूंविषयी का विचारू नये ?

नायडूंचा जन्म १८९५ साली आपल्या नागपुरास झाला. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्यापूर्वी त्यांना कसोटी खेळावयास सामनाच नव्हता ! १९२६ साली मुंबईस आलेल्या इंग्रजी संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. पण ती खेळी कसोटीच्या हिशेबात धरली जात नाही. हजारे हे सांगलीचे, जन्म १९१५ चा. ऐन उमेदीची त्यांची वर्षे महायुद्धाने खाल्ली आणि पहिला कसोटी सामना १९४६ साली, एकतिसाव्या वर्षी मिळाला. तेंडुलकर कराचीस पहिला सामना खेळले ते सोळाव्या वर्षी. एकतीस वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे शंभरावर सामने झाले होते. ज्या वयात एकाची शंभरी उलटली होती, त्या वयात दुसऱ्याचा ओनामा झाला.

हे वाचून वडील मंडळींनी मिशांवर ताव देऊ नये. कारण नव्याची बाजूही ऐकावयाची आहे. हजाऱ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, पावसात खेळपट्टी झाकण्याची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती, हे खरे. पण आजच्या फलंदाजाचा प्रत्येक फटका चित्रफितीवर उतरतो व प्रतिपक्ष तो शंभरदा पाहून त्यातील उणीव हुडकतो. त्यास वर्षभर खेळावे लागते, आणि तो बाद झाला म्हणजे कोट्यवधी लोक त्याच क्षणी हळहळतात. ओझे दोघांच्याही शिरावर होते. फक्त ते निराळ्या जातीचे होते.

हा वाद आपल्याच देशात आहे असेही नव्हे. अमेरिकेत हाताने चेंडू फेकून खेळावयाच्या फुटबॉलात ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा सूत्रधार असतो. जॉनी युनायटस या क्वार्टरबॅकच्या आरंभीच्या काळात, म्हणजे १९५६ च्या सुमारास, हंगामात १२ सामने होत. २०२१ पासून ते १७ होऊ लागले. १९७८ साली नियम बदलून चेंडू फेकणाऱ्यांस मोठी सवलत मिळाली. अर्थात नव्यांचे आकडे फुगले. तरीही लागोपाठ ४७ सामन्यांत गुण मिळवून देणारी फेक करण्याचा युनायटसचा विक्रम १९६० पासून २०१२ पर्यंत कोणास मोडता आला नाही.

मग तुलना करूच नये काय ? करावी, पण प्रत्येकास त्याच्या सोबत्यांच्या शेजारी उभे करून करावी. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके केली. दुसऱ्या डावात संघाच्या २७७ धावा झाल्या, त्यांपैकी १४५ एकट्या हजाऱ्यांच्या. १९९२ साली त्याच ऑस्ट्रेलियात पर्थच्या वेगवान खेळपट्टीवर संघाच्या २७२ धावा झाल्या, त्यांपैकी ११४ अठरा वर्षांच्या तेंडुलकरांच्या. दोन्ही सामने आपण हरलो. चव्वेचाळीस वर्षांचे अंतर असूनही हे दोघे एकाच संकटात एकाच धैर्याने उभे राहिलेले दिसतात. तेथे थोरला कोण व धाकटा कोण, हे ठरविण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

याच हजाऱ्यांची आणखी एक हकीकत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. त्या काळी मुंबईस धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे. ती १९४६ साली बंद पडली, हे योग्यच झाले. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ‘इतर’ या संघाकडून खेळत. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या. त्यांत विजय हजाऱ्यांच्या ३०९. त्यांच्या बंधूंनी, विवेक हजाऱ्यांनी, त्यांच्यासमवेत ३०० धावांची भागीदारी केली आणि तीत स्वतःच्या धावा केल्या अवघ्या २१. मोबाईलवर वाचले तर २१ हा आकडा क्षुल्लक दिसेल. पण ते २१ नसते, तर ते ३०९ कोठून आले असते ?

आमच्या मते या वादात जे खरोखर पणाला लागलेले असते, ते तेंडुलकरांचे वा हजाऱ्यांचे मोठेपण नव्हे. त्यांस आपल्या निवाड्याची गरज नाही. पणाला लागते ते आपल्या घरातील मूल आणि आपल्या घरातील म्हातारा माणूस. परीक्षेचा निकाल लागतो, आणि कंदिलाच्या उजेडात शिकलेला बाप विजेच्या दिव्याखाली बसलेल्या मुलास स्वतःचे गुण ऐकवितो. मुलगाही बापाच्या सातवी इयत्तेस हसतो. त्या काळी गावात सातवीपुढे वर्गच नव्हता, हे त्याच्या ध्यानी येत नाही. ज्या घरात यापूर्वी कोणी शाळेचे तोंड पाहिले नाही, तेथील मुलीचे पन्नास गुण शेजारच्या घरातील ऐंशी गुणांपुढे ठेवून तिला खाली मान घालावयास लावतात. हाच तो मोबाईलवरचा न्याय.

पालकबंधूंनो व भगिनींनो, मुलाचे प्रगतिपुस्तक हाती घ्याल तेव्हा गेल्या वर्षीचेही शेजारी ठेवा, आणि त्याला शिकण्यास काय मिळाले व काय मिळाले नाही, याचा आधी हिशेब करा. आणि विद्यार्थिमित्रांनो, बांधावरचे आजोबा जुन्या खेळाडूचे नाव काढतील तेव्हा त्यांस आकडा वाचून दाखवू नका. त्या वेळी मैदान कसे होते, एवढे विचारा. उत्तर ऐकण्यासारखे असेल, आणि ते सांगावयास ते फार दिवस वाट पाहत असतील.