बुलेट, कॅफे रेसर आणि साडी गार्ड

जबलपूरची पोस्टिंग आली तेव्हा दोन गोष्टींचा आनंद झाला. एक म्हणजे फॅमिली क्वार्टर मिळणार होतं. दुसरी म्हणजे आबांची बुलेट आता गोठ्याशेजारच्या शेडमधून बाहेर काढता येणार होती.

ही बुलेट १९८६ ची. मद्रासच्या तिरुवोट्टियूर कारखान्यातली, ३४६ सीसीची, बिडाच्या इंजिनाची. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आबा हवालदार असताना त्यांनी ती घेतली आणि पेन्शन आल्यावरही बरीच वर्षं चालवली. मग गुडघ्यांनी साथ सोडली. किक मारणं जमेना, तशी गाडी शेडमध्ये गेली. आठ वर्षांत तिच्यावर कोंबड्या बसल्या, पण माणूस बसला नाही.

पुण्याहून रेल्वे पार्सलने ती जबलपूरला आणली. नव्या पोरांसाठी सांगतो, पार्सलला देताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते आणि गाडी गोणपाटात नीट गुंडाळून द्यावी लागते. आरसे आधीच काढून बॅगेत ठेवा.

जबलपूर हे गाडी दुरुस्त करणाऱ्याचं माहेरच आहे. शक्तिमान ट्रक याच गावचा आणि जोंगाही. जोंगा या नावातलं पहिलं अक्षरच जबलपूरचं आहे. तोफगाडीचा कारखाना आणि वाहन कारखाना यांत आयुष्य काढलेले टर्नर, फिटर, वेल्डर इथे गल्लोगल्ली सापडतात. मला असेच एक निवृत्त टर्नर भेटले. घराच्या पडवीत त्यांचं एक जुनं लेथ मशीन आहे. आम्ही त्यांना उस्तादच म्हणायचो. दुसरा भिडू आमच्याच युनिटमधला, ईएमईचा मल्याळी नायक. काम फक्त रविवारी आणि उस्तादांच्या पडवीत. युनिटचा एक नटही वापरायचा नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.

गाडीचा कॅफे रेसर करायचा ही कल्पना नायकाची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये एस कॅफे नावाचं ट्रकवाल्यांचं खाण्याचं ठिकाण सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बने पडलं आणि १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पुढे तिथे मोटरसायकलवाली तरुण पोरं जमायला लागली. साध्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या करून ती एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत पळवायची. ताशी शंभर मैल, म्हणजे आपले १६१ किलोमीटर, गाठले की त्याला ‘टन’ म्हणायचे. वेग वाढवायला इंजिनावर खर्च करण्याइतके पैसे सगळ्यांकडे नसायचे. मग वजन कमी करायचं. मोठी मडगार्डं, कॅरिअर, रुंद सीट असं जे जे काढता येईल ते काढायचं. हँडल खाली, पायदान मागे, माणूस टाकीवर आडवा आणि सीट एकाच माणसाची. रॉयल एनफिल्डने १९६४ मध्ये इंग्लंडात २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली ती याच पोरांसाठी. आपल्याकडे ते नाव २०१३ मध्ये परत आलं.

आमची बुलेट काही टन गाठणार नव्हती. ताशी शंभर किलोमीटरला तिची धाप लागते. पण काढून टाकण्याची ही पद्धत मला आवडली. आपल्याला सवय असते ना, लाँग मार्चच्या आदल्या रात्री पिठ्ठू रिकामा करून पुन्हा भरायची. कशावाचून चालेल आणि कशावाचून चालणार नाही हे तेव्हाच कळतं.

आधी इंजिन घेतलं. गाडी चालतच नसेल तर दिसायला कशीही केली तरी उपयोग नाही. सिलिंडरला खोबण पडली होती, म्हणून रीबोअर करून एक साइज मोठा पिस्टन घातला. पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेटा, सगळे ऑइल सील नवे. वायरिंग बदलून सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर आणली. टॅपेट मात्र नायकाने मला स्वतःच्या हाताने लावायला लावले. इंजिन गार असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. त्याला फीलर गेज लागत नाही, बोटं लागतात. हे आबांनाही येत होतं. फोनवर सांगितलं तर म्हणाले, “मंग? ते काय नवीन हाय व्हय?”

मग काढाकाढी सुरू झाली. लेगगार्ड, मागचं कॅरिअर, मोठी सीट, मागचं मडगार्ड, उंच हँडल, साडी गार्ड. उस्तादांच्या शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं एकत्र ठेवलं, तर साडेअठरा किलो भरलं. आम्ही खूश. त्याच रात्री आबांना फोटो पाठवला.

बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते शांत होते. म्हणाले, “गाडी तुजीच हाय आता. काय बी कर. पर एक सांग, आई कुठं बसनार?”

मला काही बोलता येईना. आबा सुट्टीवर आले की आई या गाडीवर बसायची. एका बाजूला पाय घेऊन, साडी गार्डच्या पट्टीवर चपला टेकवून, एक हात आबांच्या खांद्यावर. बाजार, लग्नं, माझ्या भरतीच्या वेळची साताऱ्याची फेरी, सगळं असंच झालं. आबांच्या नोकरीतल्या वर्षांत त्यांच्या वाट्याला एकत्र जे फिरणं आलं ते बरंचसं याच सीटवर झालं. सुट्टी संपली की आबा जायचे, गाडीवर चादर पडायची आणि पुढची सुट्टी येईपर्यंत आई एसटीने जायची. बायको-मुलांना गावी ठेवून नोकरी केलेल्या कुठल्याही फौजीला हे वेगळं सांगायला नको.

आणि आम्ही काय करत होतो? नेमकी तीच जागा कापायला निघालो होतो.

गंमत म्हणजे कायदाही आबांच्याच बाजूचा निघाला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड आणि पाय ठेवायला पायदान हवं. शिवाय कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे आपलं साडी गार्ड. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. कॅन्टोन्मेंटच्या गेटवर मिलिटरी पोलीस उभे असतात ते वेगळेच. तेव्हा तुमच्या मनात असं काही असेल, तर आधी आपल्या आरटीओत विचारा आणि मगच पाना हातात घ्या.

पुढच्या रविवारी तिघांनी बसून नवा हुकूम काढला. फ्रेमला करवत लागणार नाही. वेल्डिंग होणार नाही. जे बदलायचं ते बोल्टवर, आणि एका दिवसात जुनं परत लावता आलं पाहिजे. इंजिन, सायलेन्सर, दिवे, रंग आहे तसंच. टाकीला तर हातही लावायचा नाही, कारण तिच्यावरच्या सोनेरी रेघा कारखान्यात हाताने ओढलेल्या आहेत. उस्ताद एवढंच म्हणाले, “भैया, काटा हुआ जुड़ तो जाता है, पर पहले जैसा नहीं होता.”

या हुकमामुळे काम सोपं नाही, अवघड झालं. कॅफे रेसरला हँडलचे दोन तुकडे थेट फोर्कच्या नळ्यांवर बसवतात. बुलेटला ते जमत नाही, कारण हेडलाइट आणि मीटर बसवलेलं तिचं ते मोठं डोकंच वरून फोर्कच्या नळ्या धरून ठेवतं. ते काढलं की बुलेटची ओळखही गेली. म्हणून जुन्याच क्लॅम्पमध्ये बसणारं, पुढे जाऊन खाली वळणारं एक अखंड हँडल घातलं.

पायदान मागे नेलं तर दोन अडचणी. या गाडीला पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. लिव्हर नुसती उलटी फिरवून मागे केली की सगळं उलटं होतं, आणि घाईच्या वेळी पाय जुन्या सवयीनेच चालतो. उस्तादांनी दोन्ही टोकांना सांधा असलेली एक दांडी वळवली, त्यामुळे गिअरचा क्रम तसाच राहिला. दुसरी अडचण किकची. मागे गेलेलं उजवं पायदान किकच्या वाटेत येतं, म्हणून ते दुमडणारं केलं. दोन्ही पायदानांच्या पट्ट्या मागच्या फूटरेस्टच्या जुन्या भोकांवरच बसवल्या आणि मागच्या माणसाचे फूटरेस्टही त्याच पट्ट्यांवर राहिले.

आता सीट. नवी सीट सपाट आणि बारीक, पण लांबी दोन माणसांची. मागच्या अर्ध्या भागावर कॅफे रेसरचं ते कुबड बसवलं, पत्र्याचं, दोन बोल्टवर. एकट्याने जायचं तर कुबड लावायचं. कुणाला बसवायचं तर दहा नंबरचा पाना घ्यायचा, दोन मिनिटांत कुबड खाली आणि सीट मोकळी. मागचं मूळ मडगार्ड ट्रंकेत गेलं, त्याच्या जागी जुन्या बाजारातलं दुसरं आखूड करून लावलं.

साडी गार्ड परत जागेवर आलं. नायकाने खूप हुज्जत घातली. अशी गाडी जगात कुठे नसेल म्हणाला. मी म्हटलं, नसू दे.

त्याच दिवसांत सिग्नलच्या ट्रेनिंग सेंटरची डेअर डेव्हिल्स टीम सराव करताना दिसायची. एकावर एक माणसांचे मनोरे, आणि खाली बुलेट. उस्ताद ते बघून हसत सुटले. “वो लोग बुलेट पे आदमी बढ़ा रहे हैं, और तुम घटाने चले थे!”

सहा महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. रीबोअर केलेलं इंजिन, म्हणून पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या वर नेली नाही. नंतर भेडाघाटपर्यंत रपेट मारली. खरं सांगायचं तर वेग वाढलेला नाही. वळणावर गाडी हलकी वाटते, मागचे शॉकअप नवे असल्याने घसरत नाही, आणि तासाभराने मनगटं दुखायला लागतात. पस्तिशीच्या पुढच्यांनी या हँडलचा विचार दोनदा करावा.

दिवाळीनंतर आई-आबा क्वार्टरवर राहायला आले. आबांनी गाडीला दोन चकरा मारल्या. पुशरॉडचं झाकण उघडायला लावलं, बोटांनी रॉड फिरवून बघितले, आणि काही न बोलता झाकण बंद केलं. हँडलकडे बघून म्हणाले, “ह्ये बैलाच्या शिंगावानी काय केलंयस?” मग आपणच पाना मागून घेतला आणि कुबडाचे दोन बोल्ट काढले.

आईला घेऊन मी ग्वारीघाटावर गेलो. संध्याकाळची नर्मदेची आरती बघायची तिची खूप दिवसांची इच्छा होती. ती नेहमीसारखी एका बाजूला बसली, चपला पट्टीवर टेकवल्या आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. घाटावर उतरल्यावर विचारलं, कशी वाटली गाडी? म्हणाली, “सीट जरा टनक झालीय. बाकी हाय तशीच हाय की.”

सीटमध्ये आता अर्धा इंच फोम वाढवला आहे. कुबड ट्रंकेत आहे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघतं.