एक चपराक

रोनाल्ड रेगन या गृहस्थास जग अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून ओळखतें. १९८१ पासून १९८९ पर्यंत तें पद त्याच्याकडे होतें. तत्पूर्वीं तो नट होता व पन्नासांहून अधिक बोलपटांत त्यानें कामें केलीं, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याचा शेवटचा बोलपट कोणता, असें कोणीं विचारलें असतें तर परवांपर्यंत आम्ही निरुत्तर झालों असतों. गेल्या महिन्यांत एका रविवारीं आमच्या कन्येनें तो आम्हांस घरींच दाखविला.

बोलपटाचें नांव ‘दि किलर्स’. हेमिंग्वेच्या १९२७ सालच्या एका लघुकथेचा धागा घेऊन डॉन सीगल या दिग्दर्शकानें १९६३ च्या अखेरीस तो चित्रित केला. तो काढला होता दूरचित्रवाणीसाठीं, बेताच्या खर्चांत. आणि ती काटकसर लपत नाहीं. मोटारींच्या शर्यतींत नट जागच्या जागीं बसले असून त्यांच्या मागें पडद्यावर रस्ता पळतो आहे, हें लहान मूलही ओळखील. चित्रण चालू असतांनाच, २२ नोव्हेंबर रोजीं, अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. पुढें बोलपट अति हिंसक ठरून दूरचित्रवाणीनें तो नाकारला व १९६४ सालीं तो चित्रगृहांत लागला.

आरंभींच दोन भाडोत्री मारेकरी एका अंधशाळेंत शिरून तेथील शिक्षकास ठार करतात. सूचना मिळूनही तो पळत नाहीं. तो कां पळाला नाहीं, या कोड्यानें मारेकऱ्यांनाच पछाडलें जातें व ते शोध घेत निघतात. त्या शोधाच्या शेवटीं रेगन आहे; सभ्य पोषाखांतला, दरोडेखोरांचा म्होरक्या. एका प्रवेशांत तो नायिकेच्या, म्हणजे अँजी डिकिन्सनच्या, थोबाडींत मारतो. ती चपराक पाहून आमची कन्या म्हणाली, “बाबा, हा मनुष्य सोंग करतो आहे असें वाटतच नाहीं.”

जन्मभर भल्या माणसांचीं कामें केलेल्या रेगनला खलपुरुषाचें हें काम मनापासून नको होतें, आणि तें स्वीकारल्याचा पुढें त्याला पश्चात्ताप झाला. हा शेवटीं तरी सुधारेल म्हणून प्रेक्षक वाट पाहत राहिले, असें त्यानें म्हणून ठेवलें आहे. हें कळलें तेव्हां आम्हांस प्रथम हंसूं आलें. खोटी चपराक, खोटी बंदूक. दिग्दर्शकानें थांबा म्हणतांच संपलेला गुन्हा! त्याची एवढी खंत कशाला? चित्रणाच्या वेळीं रेगन बावन्न वर्षांचा होता. आज आमचेंही वय तेंच आहे. हा योगायोग ध्यानांत आला आणि आमचें हंसूं मावळलें.

आमच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं, खेड्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यास आम्हीं वर्गांत उतारा वाचावयास सांगितलें. ‘आयलंड’ या शब्दाचा उच्चार त्यानें ‘इसलंड’ असा केला. आम्हीं त्याची हुबेहूब नक्कल केली. वर्ग खदखदून हंसला. तें हंसणें आम्हांस इतकें आवडलें कीं, दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यालाच उभें केलें आणि तोच शब्द त्याच्यापुढें ठेवला. तिसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढच्या वर्षीं हजेरीपटावर त्याचें नांव नव्हतें.

शिक्षकास कधीं कधीं कडक माणसाचें सोंग घ्यावें लागतें, असें म्हणून आम्हीं तो प्रसंग इतकीं वर्षें निकालांत काढला होता. रेगननें लटक्या चपराकीचें ओझें वाहिलें. आम्हीं खरी मारली आणि तिला सोंग म्हटलें. शिवाय तो मुलगा दुसऱ्या दिवशीं वर्गांत आला होता, ही गोष्ट आतां मनांतून जात नाहीं. हे सर आज तरी नीट वागतील, अशी वाट तोही पाहतच आला असेल.

त्या रविवारीं रात्रीं आम्हीं ही हकीकत कन्येस सांगितली. ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनें एवढेंच विचारलें, “त्याचें नांव आठवतें का, बाबा?”

आठवतें. हजेरीपटावरचा त्याचा क्रमांकही आठवतो.