मागे बस, मग उडी!

हॉस्टेलवरच्या मित्रांना वाटतं की मी रोज संध्याकाळी साडेपाचला 'कुठेतरी' जातो. रूम पार्टनरने तर यावर अख्खी लव्हस्टोरी रचून ठेवली आहे! तर मंडळी, खुलासा करतो. मी कॉलेजमागच्या व्यायामशाळेत जातो आणि तिथे सातवीतल्या एका मुलीला उलटं पडायला शिकवतो.

शाळेत मी आठ वर्षं जिम्नॅस्टिक्स केलं. बारावीत ते सुटलं (बारावीत कोणाचं काय सुटत नाही?). व्यायामशाळेतल्या सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्या पोरीची फ्लिक बघ जरा. मी सांगून थकलो."

फ्लिक म्हणजे फ्लिक-फ्लॅक. मागे झेप, हात जमिनीवर, पाय डोक्यावरून पलीकडे. टीव्हीवर १२ बाय १२ मीटरच्या फ्लोअरवर मुली धावत येऊन राऊंड ऑफ, फ्लिक आणि मग हवेत सॉमरसॉल्ट मारतात ना, त्यातला हा मधला डबा. राऊंड ऑफ पुढची धाव मागच्या दिशेला वळवतो, फ्लिक तो वेग राखते, शेवटची उडी तोच वेग वर नेते. मधला डबा घसरला की गाडी गेली. दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना 'प्रोदुनोवा' हा शब्द पाठ झाला होता. पण तो पुढे फिरण्याचा प्रकार. मागे जाण्याची गंमत वेगळी. जिथे जायचंय ते दिसतच नाही!

ही पोरगी दोन महिन्यांपूर्वी कोपरं दुमडून डोक्यावर आपटली होती. मानेला काही झालं नाही, नशीब. पण तेव्हापासून ती हात वर करायची, गुडघे वाकवायची आणि तिथेच थांबायची. आईचं म्हणणं, "जूनपासून आठवी, क्लास लावायचाय. एवढी भीती वाटते तर कशाला?" म्हणजे हातात उन्हाळ्याची सुट्टी, बस.

सगळे तिला सांगत होते, घाबरू नको. माझ्या मते जगातला हा सर्वात निरुपयोगी सल्ला आहे. व्हायवाच्या दाराशी 'टेन्शन घेऊ नको' म्हणतात, त्यातलाच. तिची भीती अगदी बरोबर होती. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तेव्हा दिसलं, उडीआधी तिचे गुडघे पायाच्या बोटांपुढे जातात. मग जमिनीचा रेटा तिला मागे न्यायच्या ऐवजी नुसता वर फेकतो. वर जाताच ती जमीन शोधायला डोकं मागे टाकते. हात पायांजवळच पडतात आणि सगळं वजन वरून खांद्यांवर. कोपरं दुमडणारच! सेकंड इयरला फ्री बॉडी डायग्रामचे मार्क घालवलेल्यांनाही हे कळावं.

तीन आठवडे फ्लिक बंद. भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, नडग्या सरळ ठेवून खुर्चीत बसल्यासारखं मागे बसायचं आणि तोल गेला की पाठ भिंतीला. मग रचलेल्या जाड गाद्यांवर मागे उडी, सरळ लांब पडायचं, दंड कानांना चिकटलेले. मग उत्तरार्ध वेगळा: हँडस्टँडमधून खांद्यांनी जमीन ढकलून दोन्ही पाय झटक्यात खाली. ती कंटाळली. "दादा, हे काय बालवाडीसारखं!" म्हणाली. कंटाळलेली पोर घाबरलेल्या पोरीपेक्षा बरी, असं मी मनात म्हटलं.

चौथ्या आठवड्यात फ्लिक, माझा एक हात कमरेखाली, एक मांडीमागे. दर वेळी विचारायची, "दादा, हात आहे ना?" आहे. हळूहळू हाताचं काम नुसतं टेकवण्यापुरतं उरलं. इथे सरांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले, न सांगता काढून घे, कळणारही नाही तिला. पुष्कळ जण तसंच करतात. मला ते पटत नाही. कळेलच कधीतरी, आणि मग पुढची दहा वर्षं ती 'हात आहे' या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

परवा मी सांगितलं, "आज हात नाही. मी इथेच उभा आहे, पण हात नाही."

ती पाणी प्यायला गेली. परत आली, पुन्हा गेली. वेणी सोडून परत घातली. मी गप्प. एका बाजूला बारकी मुलं कोलांट्या मारत होती, तीही थांबली.

मग ती मागे बसली. खरंच बसली, नडग्या सरळ! हात लांब पडले, कोपरं ताठ, पाय आले, दोन उड्या मागे सरकली आणि उभी राहिली.

"दादा, आता राऊंड ऑफ जोडून?"

"आधी असेच दहा."

सहाव्या वेळी दारात स्कूटीची किल्ली घेऊन आई उभी दिसली. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. दहा झाल्यावर माझ्याकडे आल्या आणि विचारलं, "उद्या साडेपाचलाच ना?"


उद्या साडेपाचला माझं सबमिशन आहे. जर्नल कोणाचं पूर्ण असेल तर रात्री रूमवर आणून द्या रे!