मावशींच्या लेखातील एक ओळ

या स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींवर लेख लिहिण्याचे काम आम्हा तिघींकडे आले. शाळा सोडून बरीच वर्षे झाली, तरी आम्ही बावधनला एकाच भाड्याच्या घरात राहतो आणि आमचा संगणकही एकच आहे. एक मराठी अक्षरजुळणी करते, दुसरी कोरियन कागदपत्रांचे भाषांतर, तिसरी हिशेब लिहिते. लेखाचे पहिले प्रूफ काढले, तर मधली एक अख्खी ओळ कोरियन अक्षरांत उमटलेली. दिवाळीच्या सुट्टीत ज्या मुलींना जायला घर नव्हते, त्यांच्यासाठी मावशी थांबत, हे सांगणारी ती ओळ होती. प्रथम आम्ही हसलो. त्या मुलींपैकी एक आमच्यातलीच. ती हसली नाही.

शाळेच्या संगणक खोलीत आम्ही इनस्क्रिप्ट शिकलो, ते हातांवर रुमाल टाकून. त्यामुळे नजर वहीवर राहते, पडद्याकडे जात नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. कोरियन कळफलकावर नेमके उलट. आमचा 'क' ज्या कळीवर, तिथे त्यांचा 'आ'. आमच्या 'म'च्या जागी त्यांचा 'छ'. भाषा बदलण्याची कळ दाबली की तिन्ही भाषा क्रमाने फिरत, आणि कोणती समोर येईल याचा भरवसा नसे.

"कोरियन काढूनच टाकू," असे रागाच्या भरात एकीने म्हटले. भाषांतर करणारी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या लिपीची हकिकत सांगितली. चिनी अक्षरे सामान्य प्रजेच्या आवाक्यात नव्हती, म्हणून राजा सेजोंगने १४४३ मध्ये नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. दरबारातील विद्वानांनी विरोध केला. अक्षरे सर्वांना मिळू नयेत असे वाटणारे विद्वान आपल्या लोकांना नवे नाहीत! त्याच १४४६ साली राणी सोहॉन वारली आणि तिच्या स्मरणार्थ राजपुत्राने त्या नव्या लिपीत बुद्धचरित्र सिद्ध केले. यानंतर कोरियन काढण्याचा विषय निघाला नाही.

मग आम्ही विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरलो. कोरियन आणि रोमन अक्षरांत अदलाबदल करण्यासाठी तिथे तीन पर्याय मिळतात: उजवी ऑल्ट, उजवी कंट्रोल किंवा शिफ्ट-स्पेस. तिसरा हाताला सोपा म्हणून निवडला. पण एक्सेलमध्ये शिफ्ट-स्पेसने पूर्ण ओळ निवडली जाते, आणि कोरियन चालू राहिले की ते होईना. हिशेब लिहिणारीने कपाळाला हात लावला. शेवटी उजवी ऑल्ट ठरली. तिन्ही भाषांना स्वतंत्र कळा दिल्या: डावी ऑल्ट आणि शिफ्ट धरून १ दाबले की मराठी, २ कोरियन, ३ इंग्रजी. मराठीला १ देण्यावर वाद झाला नाही. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची सोयही सुरू केली. ती आधीच केली असती तर ही वेळ आली नसती.

ओळ पुन्हा टंकित केली, ती त्या न हसलेल्या मैत्रिणीने. चुकलेले प्रूफ भाषांतर करणारीने मागून घेतले. त्या अक्षरांचा कोरियनमध्ये काही अर्थ लागतो का, हे तिने दोनदा वाचून पाहिले. लागत नाही.