आधी कोळंबी, मग टाच

चाळिशी उलटलेल्या माणसाने जमिनीवर बसू नये, असं माझं म्हणणं नाही. खुशाल बसावं. फक्त बसण्यापूर्वी उठायची काय सोय आहे, ते बघून ठेवावं. मी तर सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा भिंतीलगतची जागा धरतो. त्यामुळे मी जिउ-जित्सूच्या वर्गात नाव घातल्याची बातमी फुटली तेव्हा आमच्या शाखेत दोन तट पडले. एका तटाला वाटलं, हा एखादा जपानी खाद्यपदार्थ असावा. दुसऱ्याला वाटलं, मी वसुली खात्यात बदली मागितली आहे.

खरं म्हणजे नाव घालायचं होतं चिरंजीवांचं. चिरंजीव सतरा वर्षांचे. मोबाइलवर बघून बघून त्यांचं जिउ-जित्सूचं शिक्षण जवळपास पुरं झालं होतं. फक्त अंगाला हात लावायचा बाकी होता. आमच्या घराजवळच्या वर्गात दोन तुकड्या चालत. संध्याकाळी सहाची तुकडी पांढरा जाड अंगरखा घालून प्राथमिक धडे गिरवणारांची. तो अंगरखा म्हणजे गी. रात्री आठची तुकडी गी न घालता नुसते पायांचे डाव करणारांची. चिरंजीवांना थेट आठच्या तुकडीत जायचं होतं.

"बाबा, बेसिक्समध्ये वर्ष कोण घालवणार? हल्ली सगळं लेग लॉकवर आहे."

अठरा पूर्ण नसल्यामुळे फॉर्मवर पालकाची सही हवी होती. बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस वाचल्याशिवाय सही करत नाही. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कोणत्याही शारीरिक नुकसानीस संचालक जबाबदार नाहीत. मी म्हटलं, आधी बघतो. तेव्हा कळलं की पालकांना पहिला तास फुकट आहे. 'फुकट' या शब्दापुढे माझी प्रतिकारशक्ती आधीपासूनच कमी.

तर पहिल्या तासाला आम्हाला काय शिकवलं? पडायला! पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची आणि हात जमिनीवर आपटायचे. मग उठायला शिकवलं. एक हात मागे टेकून, एक पाय पुढे ठेवून आणि समोरच्यावरची नजर न काढता उठायचं. मला गहिवरून आलं. सेहेचाळीस वर्षांत कुणी हे शास्त्रशुद्ध सांगितलंच नव्हतं.

मग आली कोळंबी. इंग्रजीत 'श्रिंप'. पाठीवर निजायचं, एक पाय जमिनीत रोवायचा, कुशीवर वळायचं आणि कंबर मागे ढकलायची. असं करत सगळी गादी सरपटत पार करायची. यामागची अक्कल मात्र मला फार आवडली. छातीवर बसलेला माणूस आपल्यापेक्षा जड असेल तर त्याला ढकलून तो हलत नाही. म्हणून आपण त्याच्याखालून हलायचं. हे तत्त्व मी तीन शाखाधिकाऱ्यांवर वापरून पाहिलेलं होतं. त्याला कोळंबी म्हणतात हे तेवढं ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघांनीही सहाच्या तुकडीत नाव घातलं. चिरंजीव नाराज. घरी रोज वाद. वादात पडायचं म्हणून मी थोडं वाचूनही काढलं. जुन्या जुजुत्सूतून घातकी प्रकार वगळून जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची कोदोकान शाळा काढली. तिथले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि त्यांची विद्या ग्रेसी घराण्याने उचलली. पुढे १९५१ साली ज्युदोपटू किमुरा याने रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ ग्रेसीचा हात पिरगाळून मोडला. हेलिओने हार कबूल केली नाही. शेवटी त्याच्या भावाने टॉवेल टाकला. आणि ग्रेसी मंडळींनी काय केलं? ज्या डावाने हात मोडला त्याला मोडणाऱ्याचं नाव दिलं. आजही तो डाव 'किमुरा' आहे. आमच्या बँकेत कॅशमध्ये तूट आली, तर जिच्या हातून आली तिच्या नावाने ती ओळखली जाते. खिलाडूपणा, खिलाडूपणा म्हणतात तो हा.

"पण बाबा, एडी ब्राव्होने तर गी फेकूनच दिली ना?"

हे खरं होतं. २००३ साली अबु धाबी स्पर्धेत एडी ब्राव्होने रॉयलर ग्रेसीला हरवलं आणि गीशिवाय कुस्ती शिकवणारी स्वतःची शाळा काढली. मी म्हटलं, "फेकून दिली, कबूल. पण हरवलं तेव्हा तो तपकिरी पट्ट्याचा होता. पांढरा, निळा, जांभळा आणि मग तपकिरी. इतकी वर्षं अंगात घातल्यावर फेकली त्याने. तुझी अजून दुकानातून यायची आहे."

मी बी.कॉम. झालेला माणूस. आधी कीर्द, मग खतावणी, मग ट्रायल बॅलन्स, तो जुळला तर ताळेबंद, या क्रमाने वाढलेला. शिवाय घराण्याचा पाठिंबा हवा म्हणून कोल्हापूरच्या मामांना फोन लावला. मामा तरुणपणी तालमीत जात.

"अरं, आमच्या वस्तादांनी सा म्हैनं निस्ती माती उकराय लावली," मामा गरजले. "डाव शिकवा म्हटलं की कुदळ हातात! हौद्यातली माती मऊ केल्याबिगर पडशील कशावर?"

मी फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता. चिरंजीवांनी शांतपणे विचारलं, "आजोबा, मग तुम्ही डाव कुठला शिकलात?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "सातव्या म्हैन्यात आमास्नी एस.टी.त नोकरी लागली."

हा वार माझ्या वर्मी बसला. बेसिक्स, बेसिक्स म्हणत माणूस जन्मभर माती उकरत राहू शकतो. मी स्वतः प्रमोशनच्या परीक्षेला 'आधी पाया पक्का करू' म्हणून सहा वेळा बसलो नव्हतो. माझी पायावरची निष्ठा किती आणि वर चढायची भीती किती, हा हिशेब मी कधी मांडलेला नाही. मांडणारही नाही.

पण खाशाबा जाधवांचं उदाहरण माझ्या बाजूचं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस मातीत वाढला. १९४८ मध्ये लंडनला मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवखे, तरी सहावा आला. आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ घेऊन आला. मॅट नंतर आली, पण पडणं, तोल, पकड हे सगळं मातीतून आलं. हे मी इतक्या आवेशाने सांगितलं, की सौ. आतून म्हणाली, "पोळी गार होतेय."

आणि तिथेच घात झाला. पालकाची सही म्हणजे दोन्ही पालकांची असं फॉर्मवर कुठे म्हटलेलं नव्हतं. आयदर ऑर सर्व्हायव्हर! चिरंजीवांनी आईची सही घेतली आणि गुपचूप आठच्या तुकडीत जायला लागले.

तिथला हुकमी एक्का म्हणजे हील हुक. समोरच्याचा पाय आपल्या पायांत अडकवायचा, त्याची टाच कोपराच्या लवणीत धरायची आणि फिरवायची. फिरते टाच, पण पिळा बसतो गुडघ्याला. हाताच्या डावात आधी दुखतं. म्हणजे बँक जशी तीन नोटिसा पाठवते तसं. माणूस गादीवर थोपटतो आणि सुटतो. हील हुकमध्ये नोटीस जवळजवळ येतच नाही. दुखतंय असं कळेपर्यंत आतला अस्थिबंध गेलेला असतो. म्हणून ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मोठ्या फेडरेशनने २०२१ साली हा डाव खुला केला तोही फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना, आणि तोही गीशिवायच्या लढतीत. नव्या क्लार्कला कर्जमंजुरीचा अधिकार देत नाहीत, तसंच.

एका रात्री चिरंजीव घरी आले आणि जेवले नाहीत. सतरा वर्षांत हे प्रथमच घडलं. सौ.ने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग हळूहळू निघालं. जोडीदार असाच नवा मुलगा. चिरंजीवांनी टाच धरली, तो सुटायला म्हणून नेमका उलट्या बाजूला लोळला आणि 'कट' असा आवाज आला. शिकवणारे तेव्हा दुसऱ्या जोडीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मी डझनभर केळी घेतली होती. का घेतली, देव जाणे. मुलगा गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला. ऑपरेशन टळलं होतं, पण तीन महिने खेळ बंद. त्याचे वडील भांडतील अशी तयारी करून मी गेलो होतो. ते भांडले नाहीत. चहा दिला आणि एवढंच म्हणाले, "दुखलंच नाही म्हणतो हो. म्हणून थोपटलं नाही."

परत येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, तो थोपटेपर्यंत फिरवायचं असतं असं मला वाटलं."

मी काही बोललो नाही. सिग्नल हिरवा होता, पण मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मला ते कळलं.

सहाच्या तुकडीच्या सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, सर म्हणतील, पायाचे डाव दोन वर्षं बंद. सर म्हणाले, "काका, पायाचे डाव पहिल्या महिन्यातही शिकवता येतात. सरळ घोट्याचा डाव पांढऱ्या पट्ट्यालाही चालतो. पण आधी कुठे थांबायचं, कुणीकडे वळायचं आणि दुखायच्या आत कसं थोपटायचं, एवढं अंगात हवं. ते वर्षांवर नसतं." माझा वर्षांचा हिशेब तिथेच कोसळला. बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला 'ते वर्षांवर नसतं' हे ऐकायला जड जातं.

चिरंजीव सहाच्या तुकडीत परत आले, न सांगता. आता जोडीदाराचा कुठलाही डाव पुरता बसायच्या आतच ते गादी थोपटतात, आणि स्वतःची पकड बसली की आधी सोडतात, मग विचारतात. सौ. म्हणते, जरा अतीच करतो. मला तसं वाटत नाही.

गेल्या सोमवारी तो पट्टेवाला मुलगा नुसता बघायला आला होता. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला. चिरंजीव त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन गेले. दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी गादीच्या या टोकापासून कोळंबी सुरू केलेली. चिरंजीव परत येऊन मला मागे टाकून पलीकडे पोचलेसुद्धा. मी मात्र डोळे मिटून सरपटत सरपटत चपलांच्या फळीपर्यंत गेलो आणि तिथे अडकलो.

"काका," खुर्चीवरून आवाज आला, "डावा पाय रोवा. आणि मान वर. फळी आहे."